हिलो ते कोना: सॅडल रोडने साधी कार न्यावी का?

करवीरकर: डिसेंबरात हवाईच्या मोठ्या बेटावर हिलोहून कोनाला भाड्याच्या साध्या कारने जायचंय. सोबत सत्तरीतले आई-बाबा. गगनबावडा, आंबा घाट हाताखालचे आहेत. सॅडल रोडवर (मार्ग 200) वेगळं काय सांभाळायचं? वाटेतल्या मौना केआ या ज्वालामुखी पर्वताचा माथा जमेल का?

घाटवाट: बिनधास्त जा. 1942 साली अमेरिकन लष्करानं काढलेला तो अरुंद रस्ता होता, म्हणून भाड्याच्या गाडीला पूर्वी तिथं मनाई असायची. आता रुंद झालाय, नाव डॅनियल इनोउये हायवे. करूळसारखी वळणं नाहीत. चढ लांब आणि सलग, त्यामुळं उंची जाणवतच नाही. पण रस्त्याचा सर्वांत उंच भाग 2,021 मीटर आहे, आपलं कळसूबाई 1,646! स्वेटर हाताशी ठेवा. टाकी हिलोतच फुल्ल करा, मध्ये पंप नाही. स्वच्छतागृह गिल्बर्ट काहेले पार्कात मिळेल.

खरी अडचण धुक्याची. ईशान्येचे वारे हिलोच्या बाजूला पाऊस पाडतात आणि कोनाकडची उतरण कोरडी राहते. गगनबावड्यात धो धो आणि शिरोळात ऊन, तसंच. धुक्यात हेडलाइट लो बीमवरच. आणि हो, गाडी उजव्या बाजूनं चालवायची आहे. फोटोसाठी डांबर सोडून लाव्ह्यावर चाक घालू नका, धारदार कडांनी टायर बाजूनं फाटतो.

काळा_पाषाण: मौना केआच्या माथ्याचा विचार साध्या कारनं सोडाच. 2,800 मीटरवरच्या माहिती केंद्रापर्यंत डांबरी आहे. पुढं तीव्र चढ, मोठा पट्टा कच्चा, फोर-व्हील-ड्राइव्ह सक्तीची. उतरताना लो रेंज (गाडी हळू ठेवणारा खालचा गिअर) लागते, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापून निकामी होतात. 4,207 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्के. आई-बाबांना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर केंद्रापर्यंत जायचं की नाही तेही डॉक्टरांना विचारून ठरवा.

करवीरकर: आणि लाव्हा रस्त्यावर आला तर?

काळा_पाषाण: नोव्हेंबर 2022 मध्ये शेजारचा मौना लोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा लाव्हा या रस्त्यापासून साधारण 2.7 किलोमीटरवर थांबला. खाली सपाट जागा लागली की तो पसरतो, वेग मंदावतो. म्हणून सहसा वेळ मिळतो. निघायच्या सकाळी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाची सूचना बघा. रस्ता बंद असेल तर उत्तरेकडून वायमेआमार्गे मार्ग 19 धरा, वेळ जास्त लागेल. डिसेंबरात दिवस लहान, तेव्हा हिलो सकाळीच सोडा.