मदत हवी आहे : शिफारसपत्र कोणाकडून घेऊ?

बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातली ८ आठवड्यांची समर इंटर्नशिप शुक्रवारी संपतेय. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर पल्सारचं (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांचं) काम होतं. इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) डिसेंबरात टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) परीक्षा आणि फेब्रुवारीत जॅम ही आयआयटींची प्रवेशपरीक्षा देणार आहे.

इंटर्नशिपच्या गाइड सरांची भेट चारदाच झाली. रोज शिकवलं ते त्यांच्या गटातल्या पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करणाऱ्या) ताईंनी. माझ्या पहिल्या आलेखावर त्यांनी पेन्सिलीने ‘एरर बार कुठे?’ असं लिहिलं होतं, तो कागद मी जपून ठेवलाय. माझं काम खरं त्यांनाच माहीत, पण त्यांची मुदत ऑक्टोबरात संपते. रिपोर्ट आणि कोड दोघांनाही दिलाय. कॉलेजच्या एचओडी मॅडम पत्र देणारच आहेत, प्रश्न दुसऱ्या पत्राचा आहे.

ताईंनी मजकूर द्यायचा आणि सरांनी सही करायची, असं पत्र चालतं का? आणि हे शुक्रवारी समोरासमोर विचारू, की अर्ज भरताना मेलवर?