नगरपरिषदेचीच पवनचक्की घराजवळ येणार आहे. आवाजाबद्दल आत्ता काय करता येईल?

टेकडीखालची
नमस्कार. आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण सगळं अजून कागदावरच आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल नगरपरिषदेला झेपत नाही, म्हणून जलशुद्धीकरण केंद्रामागच्या टेकडीवर परिषदेच्या मालकीची एक मोठी पवनचक्की उभारायची, असा विषय पुढच्या सभेत येतोय. नकाशावर मोजलं तर टेकडीचा माथा आमच्या घरापासून साडेतीनशे मीटरवर आहे. मधे आडोसा काहीच नाही.

पवनचक्कीला माझा विरोध नाही. पण माझी नणंद सिन्नर तालुक्यात ठाणगावच्या बाजूला असते, तिथे डोंगरावर पंखे आहेत. दिवसा त्यांचं काही जाणवत नाही. रात्री मात्र खाली पानही हलत नसतं आणि वर पाती फिरत असतात. तेव्हा अंगणात बसलं की हूप... हूप... असं ऐकू येतं, थोडं विरतं आणि परत चढतं. एकसारखा आवाज असता तर कान सरावले असते. आमच्या सासूबाईंना मुळातच झोप कमी, आणि त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी टेकडीकडे.

खासगी कंपनीची असती तर परिषदेकडे गेलो असतो. इथे परिषदच मालक. मग दाद कुणाकडे मागायची? असा खटला कुठे झालाय का?

गोदाकाठ
ध्वनिप्रदूषण नियम, २००० बघा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. मालक कोणीही असो, नियम तोच. आवाज वाढला की तक्रार करा.

चांदवडचा वकील
ताई, गोदाकाठ यांनी आकडे बरोबर दिलेत, पण त्यावर विसंबून राहू नका. त्याच नियमांतला सातवा नियम वाचा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर तक्रार, असं तिथे म्हटलंय. म्हणजे रात्री ५५. मोठ्या पवनचक्कीचा आवाज साडेतीनशे मीटरवर साधारण ४० ते ४५ च्या घरात असतो. तुमची झोप उडेल आणि तक्रार तरीही बसणार नाही.

तुम्ही विचारलेला खटला अमेरिकेत झालाय, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फालमाउथ गावी. तिथेही मालक गावच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या जागेवर प्रत्येकी १.६५ मेगावॉटची दोन यंत्रं, पहिलं २०१० मध्ये सुरू झालं, दुसरं २०१२ मध्ये. शेजारच्या घरांतून तक्रारी आल्या. त्या राज्यात मोजायची रीत वेगळी आहे: परिसरात मुळात जेवढा आवाज असतो, त्याच्यावर १० डेसिबलपेक्षा जास्त भर पडता कामा नये. शांत गावात रात्री ३० डेसिबल असेल आणि यंत्रामुळे ४२ झाले, तर आपल्याकडे तो आवाज मर्यादेत, तिकडे मर्यादेबाहेर. २०१२ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याच्या रात्रीच्या मोजणीत ही मर्यादा ओलांडलेली सापडली.

पुढची गोष्ट नीट वाचा. गावाच्याच अपील मंडळाने 'उपद्रव होतो' असा निर्णय दिला, तर गाव आपल्याच मंडळाविरुद्ध कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोर्टाने दोन्ही यंत्रं सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढीच चालवायला परवानगी दिली, रविवारी पूर्ण बंद. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की पहिल्या यंत्रासाठी विशेष परवाना घ्यायला हवा होता, तो घेतलाच नव्हता. ते यंत्र २०१५ मध्येच थांबलं, २०१७ मध्ये कोर्टाने दोन्ही बंद ठेवायचा आदेश दिला आणि २०२२ मध्ये ती उतरवली. एवढी वर्षं शेजाऱ्यांनी सोसलं आणि गावाचा पैसाही गेला. परवान्याचा प्रश्न खांब उभा राहण्याआधी निघाला असता तर दोघंही वाचले असते. म्हणून तुम्ही आज विचारताय याचं मला फार बरं वाटलं.

परिषद मालक असली म्हणून कायद्याबाहेर जात नाही. रतलामचा १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गटारांच्या त्रासाने तिथले रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले होते. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब मानली नाही. सार्वजनिक उपद्रव हटवायचं ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय, त्याखाली प्रांतांकडे जाता येतं. पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं पीठ आहे, पण तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. 'बघू, सवय होईल' म्हणत बसलात तर ती मुदत निघून जाते.

आणि तुमच्या हातातला सगळ्यात मोठा मुद्दा: केंद्र सरकारच्या २०१६ च्या पवनऊर्जा मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी घरापासून किमान ५०० मीटर अंतर सांगितलंय. तुमचे साडेतीनशे. सभेपूर्वी लेखी हरकत द्या, तीत हेच पहिलं वाक्य ठेवा आणि पोच घ्या. माहिती अधिकारात जागेचा नकाशा आणि यंत्राचा ध्वनी अहवाल मागा. आजच्या रात्रींची मोजणीही सासूबाईंच्या खिडकीपाशी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून ठेवा. उद्या वाद झाला तर आधी किती शांतता होती हे दाखवायला तेवढाच कागद लागेल.

द्राक्षबाग
सगळं पटलं, पण प्रकल्प बुडवू नका एवढी विनंती. पंपाचं बिल थकलं की पहिला फटका नळाच्या पाण्याला बसतो. उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी आलं की हेच लोक मोर्चा काढतील. जागा सरकवा म्हणा, यंत्र नको म्हणू नका.

टेकडीखालची
द्राक्षबाग, मलाही तेच हवंय. टेकडीच्या पलीकडे गायरान आहे, तिकडे सरकवलं तर घरं किलोमीटरभर लांब राहतात. वकीलसाहेब, मनापासून आभार. ५०० मीटरचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण अभियंता म्हणतात, त्या सूचना खासगी विकासकांसाठी आहेत, परिषदेला लागू नाहीत.

चांदवडचा वकील
त्यांना हे लेखी द्यायला सांगा, कोणत्या नियमाच्या आधारे ते नमूद करून. बहुधा देणार नाहीत. अंतर आवाजासाठी ठरवलंय आणि आवाज मालक बघून कमी-जास्त होत नाही, हे वाक्य हरकतीत घाला. गायरानाचा पर्यायही त्याच अर्जात लिहा, गट नंबरासकट. गायरान आहे म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, त्यात वेळ जातो, तेव्हा ती मागणी याच सभेत नोंदवून घ्या. अर्जावर वस्तीतल्या जास्तीत जास्त घरांच्या सह्या घ्या. मसुदा इथे टाका, मी रविवारी बघतो.