ॲडव्हान्स टॅक्स क्रेडिट कार्डावर भरावा का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०४ : नमस्कार सगळ्यांना. १५ मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायच्या आयकराचा, शेवटचा हप्ता भरायचाय, ४० हजार. मित्र म्हणतोय क्रेडिट कार्डावर भर, पॉइंट्स मिळतात आणि पैसे दीड महिन्यानं द्यायचे. आपल्यापैकी कुणी भरलाय का?

ए-१०१ (काका) : आम्हालाही सांगा. पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून यंदा मलाही कर बसतोय. बँकेतला पोरगा कार्ड घ्या, कर त्यावर भरा म्हणून मागं लागलाय.

डी-२०२ : आमच्या मार्केट यार्डातले दोघं-तिघं भरतात कार्डावर. दीड महिना पैसा हातात राहतो म्हणतात.

सी-३०१ (वहिनी) : दादा, आज भरू नका. मी सप्टेंबरच्या हप्त्याला हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मेसेज लांबलाय, पण वाचा.

अकाउंट्सची कामं घरून करते, त्यामुळं मला ॲडव्हान्स टॅक्स असतो. ८४,००० भरायचे होते. आयकर खात्याच्या पोर्टलवर चलन तयार केलं, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे पुढं पोचवणारी बँकेची सेवा) निवडला, क्रेडिट कार्डावर टिक केली. शेवटच्या पानावर कराच्या रकमेखाली वेगळी ओळ आली, कन्व्हिनियन्स फी. मला १ टक्का लागली, म्हणजे ८४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५१ रुपये २० पैसे. एकूण ९९१ रुपये २० पैसे. ही फी आयकर खात्याला जात नाही, गेटवेवाली बँक घेते. प्रत्येक बँकेची वेगळी असते, म्हणून तुम्हाला थोडी कमी-जास्त दिसेल.

मी मनात हिशोब केला होता की पॉइंट्समधून निघेल. माझ्या कार्डाला १०० रुपयांवर २ पॉइंट, म्हणजे १,६८० पॉइंट. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट आलं. किराणा, पेट्रोल, मुलीची पुस्तकं आणि त्याखाली ८४,००० ची ओळ. तिच्यासमोर पॉइंट्सच्या रकान्यात शून्य. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा बाईंनी सांगितलं, मॅडम, सरकारी भरण्यावर पॉइंट नाहीत, नियमावलीत लिहिलंय. लिहिलं होतं खरं, अकराव्या पानावर.

बी-४०४ : म्हणजे कुठल्याच कार्डावर मिळत नाहीत?

सी-३०१ (वहिनी) : बऱ्याच कार्डांवर नाहीत. प्रत्येक व्यवहाराला दुकानाच्या प्रकाराचा चार आकडी कोड असतो. करभरणा ९३११ मध्ये येतो. बँका हा कोड पॉइंट्समधून वगळतात, तसंच भाडं, पेट्रोल, वॉलेट वगैरे. व्यवसायाच्या काही कार्डांवर कराला पॉइंट देतात, पण तेही किती हे आधी लेखी विचारायचं.

आणि मिळाले असते तरी काय? एक पॉइंट कॅशबॅकला २५ पैसे धरला तर १,६८० चे झाले ४२०. मी घालवले ९९१. काही बँका पॉइंट वापरायलाही ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. विमानाच्या तिकिटाला एका पॉइंटचा रुपया होतो असं सांगतात, पण आपल्यातले किती जण वर्षातून एकदा तरी पॉइंटवर विमानात बसतात?

डी-२०२ : वहिनी, पण दीड महिना पैसा वापरायला मिळतो, त्याचं काय? आमच्या धंद्यात तेच महत्त्वाचं.

सी-३०१ (वहिनी) : बरोबर विचारलंत. माझ्यासारखीचा पैसा बचत खात्यात पडून असतो. ३ टक्के धरा. ८४ हजारांचं ४५ दिवसांचं व्याज येतं ३११ रुपये. ९९१ घालवून ३११ मिळवायचे. तुमचं कॅश क्रेडिट खातं (धंद्यासाठीचं बँकेचं कर्ज खातं) १० टक्क्यांनं चालत असेल तर ४५ दिवसांत १,०३५ रुपये व्याज वाचतं. म्हणजे तुम्हाला वरचे ४४ रुपये सुटतात, तेसुद्धा स्टेटमेंटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी कर भरला आणि बिल वेळेत अख्खं फेडलं तरच.

आता बिल वेळेत फिटलं नाही तर. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली की झालं असं वाटतं, पण तसं नाही. बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ८४ हजारांवर २,९४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ५२९. एका महिन्याचे ३,४६९. आयकर खातं हप्ता चुकला तर महिन्याला १ टक्का व्याज लावतं, ८४ हजारांवर ८४० रुपये. मी कर थकवा म्हणत नाही. पण हातात पैसेच नसतील तर कार्डाच्या नादी लागून जास्तीचं कर्ज अंगावर घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

बी-१०३ : घरफाळ्याचंही असंच का हो वहिनी?

सी-३०१ (वहिनी) : तिथंही कार्ड निवडल्यावर वेगळा आकार लागतोय का ते पैसे भरण्याआधी बघा. आणि मुदतीत भरणाऱ्याला सवलत असेल तर ती पॉइंट्सपेक्षा कधीही मोठी. ती आधी पदरात पाडून घ्या.

बी-४०४ : वहिनी, माझी अडचण वेगळी आहे. ३१ मार्चपर्यंत कार्डावर अजून ३५ हजार खर्च झाला तर वार्षिक फी माफ होणार आहे. फी अडीच हजार.

सी-३०१ (वहिनी) : मग गोष्ट बदलते! ४० हजारांवर १ टक्का ४०० आणि जीएसटी ७२, एकूण ४७२ जातील. अडीच हजारांवर जीएसटी धरून २,९५० वाचतील. पण एकच प्रश्न, फी माफीच्या खर्चात कर धरतात का? काही बँका धरतात, काही नाही. फोनवर विचारू नका, ईमेल करा आणि उत्तर आल्यावरच भरा.

(संध्याकाळी)

बी-४०४ : उत्तर आलं. फी माफीला कर धरतात, पॉइंट आणि व्हाउचरला धरत नाहीत. म्हणून कार्डावरच भरतोय.

सी-३०१ (वहिनी) : छान. दोन गोष्टी मात्र जपा. वर्ष आणि कराचा प्रकार दोनदा बघा. चुकलं तर कार्डाच्या बँकेकडं पैसे परत मागून चालत नाही. जादा भरलेलं रिटर्नमध्येच मागावं लागतं आणि फी गेली ती गेलीच. आणि बिलाला ऑटो-डेबिट लावा, संपूर्ण रकमेचा, मिनिमम ड्यूचा नव्हे.

बाकीच्यांनी थेट आपल्या बँकेच्या नेट बँकिंगनं (पेमेंट गेटवेतून नव्हे) किंवा यूपीआयनं भरा, वर फी लागत नाही. सप्टेंबर २०२४ पासून करासाठी यूपीआयची मर्यादा एका वेळी ५ लाखांपर्यंत आहे, आपल्या बँकेची मर्यादा तेवढी तपासा. आपल्या बिल्डिंगमधल्या बहुतेकांचं त्यात भागतं.

ए-१०१ (काका) : मला सही करायला कार्डाचा फॉर्म आणून दिलाय. आता काय करू?

सी-३०१ (वहिनी) : काका, तुमचं वय ७२ ना? आणि दुकान, धंदा, सल्लागारी काही नाही, फक्त पेन्शन आणि व्याज?

ए-१०१ (काका) : फक्त तेवढंच. दुसरं काही नाही.

सी-३०१ (वहिनी) : मग तुम्हाला ॲडव्हान्स टॅक्स भरावाच लागत नाही. ६० वर्षांवरच्या, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या नागरिकांना यातून सूट आहे. १५ मार्चची तारीख तुमच्यासाठी नाही. पेन्शनमधून आणि व्याजातून कापलेला टीडीएस वजा करून जे उरेल ते रिटर्नच्या मुदतीत, रिटर्न भरण्याआधी भरायचं. त्यासाठी दंडाचं व्याज लागत नाही.

ए-१०१ (काका) : म्हणजे रविवारपर्यंत मला बँकेत पळायची गरज नाही?

सी-३०१ (वहिनी) : नाही काका. एप्रिलमध्ये पासबुक आणि एफडीची व्याजाची सर्टिफिकेटं घेऊन घरी या. २६एएस (कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता) काढून बघू, कुणी किती कापलंय ते. चहा घेत शांतपणे बसू.

ए-१०१ (काका) : येतो. फॉर्म निम्मा भरलाय, तो उद्या परत देतो.