शब्दचर्चा : ‘बिहेवियरल स्टेट’साठी ‘वर्तनस्थिती’ की ‘अवस्था’?

प्रश्न (अनुवादक)

मेंदूचे बाह्यक (बाहेरचा थर, ‘कॉर्टेक्स’) आणि थॅलॅमस (संवेदनांचे संदेश बाह्यकाकडे पोहोचवणारा मेंदूच्या आतला भाग) यांना जोडणाऱ्या परिपथांवरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करत आहे. त्यात ‘बिहेवियरल स्टेट’ ही संज्ञा वारंवार येते. सध्या मी ‘वर्तनस्थिती’ असे लिहिले आहे. परंतु झोपलेल्या प्राण्याच्या ‘वर्तनस्थिती’बद्दल वाक्य आले की ते खटकते. त्याच लेखातील ‘बर्स्ट’, ‘टॉनिक’ आणि ‘रिले’ यांनाही मराठी शब्द हवे आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद (शरीरक्रियाविज्ञानाच्या प्राध्यापिका)

‘वर्तनस्थिती’ टाळावा आणि ‘अवस्था’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वर्तन’ म्हटले की मराठी वाचकाला वागणूक आठवते, आणि वागणुकीबरोबर तिचा बरेवाईटपणाही. येथे प्रश्न आहे तो प्राणी गाढ झोपेत आहे, पेंगत आहे, स्वस्थ जागा आहे की धावत आहे, याचा. हा फरक केवळ बाहेरून दिसणारा नसून पेशीच्या आवरणापर्यंत पोहोचतो. जागेपणी मस्तिष्कस्तंभाकडून (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडून) ॲसिटिलकोलीन आणि नॉरॲड्रेनॅलीन या चेतारसायनांचा पुरवठा होत असतो. त्यामुळे थॅलॅमसमधील चेतापेशींतून पोटॅशियमची गळती कमी होते, पेशीतील ऋण विभव (विद्युतदाब) उणावतो आणि तिचे टी-प्रकारचे कॅल्शियममार्ग (कॅल्शियम आत सोडणारी आवरणातील द्वारे) निष्क्रिय राहतात. अशी पेशी येणाऱ्या संदेशाच्या प्रमाणात एकेक आवेग (विद्युतस्पंद) पुढे पाठवते; हेच ‘टॉनिक’. गाढ झोपेत हा पुरवठा ओसरतो, विभव अधिक ऋण होतो, आणि सेकंदाचा सुमारे दहावा भाग तो तसाच राहिला तरी ते मार्ग पुन्हा उघडण्याजोगे होतात. मग लहानशा उद्दीपनानेही एकाच वेळी अनेक आवेगांचा पुंजका बाहेर पडतो; हाच ‘बर्स्ट’. यान्सेन आणि यीनास यांनी १९८४ मध्ये गिनीपिगच्या थॅलॅमसमधील पेशींत हे सविस्तर दाखवले.

यातूनच आपल्या पुढच्या दोन शब्दांचा विचार करता येईल. ‘बर्स्ट’साठी ‘स्फोट’ नको, कारण त्यात नाश आहे. पावसाची ‘सर’ येते तसे हे आवेग थोडा वेळ दाटीने येतात आणि थांबतात, म्हणून मी ‘आवेगसर’ सुचवते. ‘टॉनिक’साठी मात्र ‘संतत’ घेऊ नये. ही पेशी अखंड चालू राहते असे नाही, ती संदेशामागोमाग जाते, म्हणून ‘अनुगामी’ अधिक नेमका वाटतो.

प्रतिसाद (संस्कृतचे अभ्यासक)

‘अवस्था’ या शब्दाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मांडूक्य उपनिषदातील जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्यामुळे तो या विषयाशी आधीच जोडलेला आहे. ‘स्थिती’ कशाचीही असू शकते, रस्त्याची किंवा पिकाचीही. ‘अवस्था’ म्हटल्यावर मात्र ती कोणाला तरी प्राप्त झाली आहे, हे गृहीत असते. तरीही ही तीन नावे प्रयोगशाळेतल्या वर्गीकरणावर जशीच्या तशी बसवू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जलद नेत्रहालचालींच्या झोपेत ॲसिटिलकोलीन भरपूर असते आणि बाह्यकाची विद्युतक्रिया जागेपणासारखी दिसते. पण स्वप्ने त्या झोपेबाहेरही पडतात, त्यामुळे तिला सरसकट ‘स्वप्नावस्था’ म्हणता येणार नाही.

अधल्यामधल्या अवस्थांसाठी आपल्या बोलीत जे शब्द आहेत ते वापरावेत. पेंग नैसर्गिक असते, गुंगी औषधाची असते आणि ग्लानी आजारपणाची किंवा थकव्याची. या विषयातील कित्येक जुनी मोजमापे भूल दिलेल्या प्राण्यांवर झाली आहेत. तेथे ‘झोपेत’ असे लिहिल्यास शास्त्रीय चूक होईल.

प्रतिसाद (प्राध्यापिका)

गुंगीबद्दलचा मुद्दा मोलाचा आहे. त्यात एक भर घालते : ‘जागृतावस्था’ हाही एकच डबा नाही. नील आणि स्ट्रायकर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उंदराचे डोके स्थिर ठेवून त्याला हवेवर तरंगणाऱ्या गोलावर धावू दिले होते. उंदीर धावू लागला की त्याच्या दृष्टिबाह्यकातील पेशींचा प्रतिसाद दुपटीहून अधिक वाढत असे, थॅलॅमसमध्ये मात्र तशी वाढ त्यांना आढळली नाही. थॅलॅमसमध्येही बदल होतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. म्हणून ‘स्वस्थ जाग’ आणि ‘सक्रिय जाग’ असा भेद अनुवादात शेवटपर्यंत पाळावा.

‘रिले’साठी ‘पारेषण’ चालेल, विजेमुळे तो शब्द रुळलेलाही आहे. मात्र एक तळटीप आवश्यक वाटते. थॅलॅमसच्या दृष्टिकेंद्रातील पारेषक पेशींवर जे चेतासंधी (चेतापेशींमधील जोड) असतात त्यांपैकी दृष्टिपटलाकडून येणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात. बाह्यकाच्या सहाव्या थराकडून उलट येणारे त्यांहून कितीतरी अधिक असतात. केवळ ‘पारेषण’ वाचून माहिती एकाच दिशेने जाते असा समज होऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आपल्या सूचनांनुसार पहिले वाक्य असे केले आहे : ‘प्राण्याच्या अवस्थेनुसार थॅलॅमसमधील पारेषक पेशी अनुगामी आवेग पाठवतात किंवा आवेगसरी, आणि बाह्यकाकडून परत येणारे संदेशही या निवडीत सहभागी असतात.’ यातील ‘निवड’ मला अजून खटकते, कारण पेशी काही निवडत नाही. तेथे ‘बदलात’ असे लिहावे का?