मदत हवी आहे: ओढा बुजवताहेत, कुठे दाद मागायची?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे राहतो. घरामागे एक ओढा आहे, पुढे नंदिनीला (आपली नासर्डी) जाऊन मिळणारा. पावसाळ्यात दुथडी भरतो, उन्हाळ्यात नुसती डबकी उरतात. काठावर करंज, उंबर आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळी. त्या बाभळींवर दर पावसाळ्यात सुगरणींची घरटी लोंबतात. खंड्या, पाणकोंबडी रोजचीच. टिटवी तर उघड्या खडीवरच अंडी घालते, बाळाला दाखवायला आम्ही लांबूनच बघायचो.

गेल्या महिन्यापासून रात्री डंपर येऊन राडारोडा टाकताहेत. निम्मा काठ बुजला, दोन बाभळी गेल्या. शेजारी प्लॉटिंगचा फलक लागलाय. हे पाणी उद्या आमच्याच दारात येणार, ही भीती वेगळीच.

माझे प्रश्न:
ओढा सरकारी नोंदीत आहे की नाही, हे गाव नकाशावर बघायचं की भूमी अभिलेखमध्ये मोजणी नकाशा मागायचा? निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांची, एवढं माहीत आहे. पण ती फक्त मोठ्या नद्यांना आखतात की अशा ओढ्यांनाही? झाडं तोडल्याची तक्रार १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली मनपाच्या उद्यान विभागाकडेच करायची ना?

आणि कुणी पक्षीनिरीक्षक रविवारी सकाळी येऊन नोंदी करून देईल का? सुगरणींचा हंगाम संपायच्या आत हवं आहे. चहा-पोहे आमच्याकडे.