सात महिन्यांच्या लेकीला जाहिरातीत पाठवावं का?

डोंबिवलीची_आई
मागच्या रविवारी मॉलमध्ये लेकीला कडेवर घेऊन उभी होते, तर एका बाईंनी हटकलं. कोऑर्डिनेटर आहेत. डायपरच्या जाहिरातीसाठी गुटगुटीत, हसरं बाळ हवंय म्हणाल्या. फोटो पाठवले आणि निवडही झाली! अंधेरीला अर्धा दिवस, १२,००० रुपये, पैसे ९० दिवसांनी. नवरा हरखलाय, सासूबाई दृष्ट काढायच्या तयारीत आहेत आणि माझं काही ठरत नाहीये. शूट पुढच्या गुरुवारी. तुम्ही पाठवलं असतं का?

पिंपळपान
नसतं पाठवलं. १२,००० रुपयांची तुम्हाला गरज असेल असं लिहिण्यावरून वाटत नाही. म्हणजे हौस. हौस तुमची, आणि झोपमोड तिची.

कटिंगचहा
इतकं काही नसतं हो. माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना साबणाच्या जाहिरातीत होता. तिथे तीन बाळं बोलावली होती. एक मुख्य, दोन राखीव. मुख्य बाळाने भोकाड पसरलं, दुसरं झोपलं, म्हणून आमचं उभं राहिलं. कॅमेऱ्यासमोर जेमतेम १५ मिनिटं. बाकी पाच तास आम्ही व्हॅनिटीत बसून खुळखुळा वाजवत होतो. एसी मात्र मरणाचा असतो, टोपरं-मोजे न्या.
आणि लग्नात तान्ही पोरं रात्री बारापर्यंत डीजेसमोर चालतात, तिथे कुणाला झोपमोड आठवत नाही!

पिंपळपान
१५ मिनिटांसाठी पाच तास, हे तुम्हीच लिहिलंत. बाकीच्या दोन बाळांचं काय झालं तेही लिहा.

कटिंगचहा
त्यांना निम्मे पैसे मिळाले. बाळांना काय फरक पडतो, त्यांना कुठे माहीत होतं.

पिंपळपान
तेच तर म्हणतोय.

काळाकोट
भावनांचं तुम्ही बघा, मी कायद्याचं सांगते. बालमजुरी कायद्यात २०१६ला दुरुस्ती झाली. बालकलाकारांना त्यात सूट आहे, पण अटींवर, आणि त्या २०१७च्या नियमांत आहेत. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. म्हणजे तुमच्या १२,०००मधले २,४०० लेकीचे, ती सज्ञान झाल्यावर मिळणार. उरलेल्यांचं काय करायचं ते तुमच्या मनावर, आणि इथेच मला हा नियम लंगडा वाटतो.
मुलाच्या इच्छेविरुद्ध व संमतीशिवाय त्याला सहभागी करू नये, असंही त्यात आहे. सात महिन्यांच्या बाळाची संमती कशी घ्यायची, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.
जाता जाता: तान्ह्या बाळांसाठीची दुधाची पावडर किंवा दोन वर्षांखालच्या बाळांचा आहार यांची जाहिरातच करता येत नाही, डब्यावर बाळाचा फोटोही चालत नाही. १९९२चा कायदा. डायपरला ती आडकाठी नाही.

सॅनहोजेकर
इथे कॅलिफोर्नियात १५ दिवसांच्या बाळालाही काम मिळतं, पण सहा महिन्यांपर्यंत सेटवर दोनच तास, त्यात काम फक्त २० मिनिटं. तान्ह्या बाळासोबत नर्स लागते. पैशांचा कायदा १९३९चा. चॅप्लिनबरोबर काम केलेल्या जॅकी कूगनची लहानपणची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली, त्याने कोर्टात खेचलं, त्यातून तो कायदा आला. बाजूला मात्र १५ टक्केच ठेवतात, तेव्हा आपले २० बरे म्हणायचे.

कटिंगचहा
दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये पोटच्या मंदाकिनीला 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण केलं. तेव्हा हा धागा असता तर त्यांनाही झोडपलं असतं इथे.

काळाकोट
मंदाकिनी चालती-बोलती होती, 'बाबा, पुरे' म्हणू शकत होती. आणि दिग्दर्शक घरचाच. इथे क्लायंट, एजन्सी आणि निर्माता तिघं मॉनिटरसमोर बसणार आणि 'अजून एक टेक' म्हणणार.

ठाण्याची_मावशी
मी तटस्थ. पण नोंदणीचे किंवा पोर्टफोलिओचे पैसे मागितले का? मागितले तर तिथूनच परत फिरा. आमच्या नात्यात एकांनी २५,००० भरले, फोटोंचा अल्बम छान आला, काम शून्य. दुसरं, जाहिरात किती वर्षं आणि कुठे कुठे चालणार ते करारात बघा. लेक चौथीत गेली तरी तिचं ढुंगण पाकिटावर नको.

डोंबिवलीची_आई
मावशी, हसून मेले! नोंदणीचे पैसे नाही मागितले. पण काल कोऑर्डिनेटरना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागितली, तर म्हणाल्या, 'मॅडम, अर्ध्या दिवसाच्या कामाला कोण जातं कलेक्टरकडे? तुमचं नसेल जमत तर माझ्याकडे अजून चार बाळं आहेत.' मग करार मागितला. तो सेटवर सही करायचा म्हणे.
नाही कळवून टाकलं. नवरा दोन दिवस गप्प आहे. त्याचं म्हणणं, मी घाबरट आहे, आणि दुसरीकडून कागदपत्रांसह काम आलं तर मी कुठलं कारण काढणार? तेव्हा काय म्हणेन, मलाही माहीत नाही.

कटिंगचहा
या वेळी बरोबर केलंत. कराराशिवाय मीही गेलो नसतो. कागदांसह आलं तर मात्र जा.

पिंपळपान
तेव्हाही नका जाऊ.