मदत हवी आहे : ऑटोमॅटिक गाडी 'पी'वर सेल्फ घेत नाही, 'एन'वर घेते

नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहितोय. आमच्याकडे आजवर गिअरच्याच गाड्या होत्या. क्लच दाबून आण्णांचे गुडघे दुखायला लागले म्हणून यंदा जुनी ऑटोमॅटिक घेतली. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) आहे, चावीने सुरू होणारी. लिव्हरवरचा 'पी' म्हणजे पार्क, यात चाकं अडकून राहतात; 'एन' म्हणजे न्यूट्रल.

परवा औशाहून निघताना आण्णांनी चावी फिरवली तर काहीच नाही. टक्‌सुद्धा वाजेना. मीटरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. रसवंतीवरची पोरं धक्का द्यायला धावली, पण लिव्हर 'पी'वर, गाडी जागची हलेना. हलावी म्हणून ब्रेक दाबून लिव्हर 'एन'वर घेतली, सहज चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला सुरू झाली! तेव्हापासून रोज हेच.

गॅरेजवाले म्हणतात सेल्फ मोटर गेली, नवीन टाका. माझ्या मनाला पटत नाही. मोटर गेली असती तर 'एन'वर तरी कशी फिरली असती? दुसऱ्या एकाने चावीपासून सेल्फपर्यंत वायर डायरेक्ट करून देतो म्हणून सांगितलं. आण्णांना रोज दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी वाटेत अडकली तर फार हाल होतील. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, मोटर बदलू नका. तुमचा तर्क बरोबर आहे.

गिअरच्या जुन्या गाडीत चावी आणि सेल्फच्या मधे गिअरचा संबंधच नसायचा. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असली आणि क्लच न दाबता चावी फिरवली की ती उडी मारायची. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर अजून त्याची खूण आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांत क्लचखाली स्विच असतो, पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये हेच काम गिअरबॉक्सवरचा स्विच करतो. लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर असेल तरच सेल्फकडे करंट जातो. हा स्विच जागेवरून सरकला, आतले पॉइंट झिजले किंवा लिव्हरची केबल सैल झाली की नेमकं तुमच्यासारखं होतं. बॅटरी उतरली असती तर दिवे मंद झाले असते, टकटक वाजलं असतं.

वायरमनला सांगा, सेल्फच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प (करंट आला की लागणारा छोटा दिवा) लावून दोन्ही जागी चावी फिरवून बघ. 'एन'वर लॅम्प लागला आणि 'पी'वर लागला नाही, तर दोष मोटरच्या आधी आहे. मीटरमध्ये 'पी' नीट उमटतो का, तेही बघा.

हा स्विच टाळून वायर डायरेक्ट मात्र अजिबात करू देऊ नका. लिव्हर 'डी'वर (ड्राइव्ह, म्हणजे पुढे चालायच्या जागी) राहिली तरी सेल्फ लागेल आणि गाडी समोरच्याच्या अंगावर जाईल. धक्क्याचाही नाद सोडा. या गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे तेलाला दाब नाही, दाबाशिवाय गिअर लागत नाही, मग चाकं कितीही फिरली तरी इंजिन फिरत नाही.

तोवर 'एन'वर सुरू करा, पण हँडब्रेक ओढून आणि पाय ब्रेकवर ठेवूनच.

धागाकर्ता

आत्ताच बघून आलो. मीटरमध्ये 'पी' उमटतच नाही, लिव्हर थोडी मागे ओढून धरली की क्षणभर दिसतो. केबलच असेल का? उद्या सकाळी वायरमनकडे नेतो, टेस्ट लॅम्पचं काय झालं ते इथेच लिहितो. आण्णांनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितलाय.